साखरेची सुई

पंचवीस टक्के डेक्स्ट्रोजची बाटली कुठल्याही मेडिकलवर मिळते. रक्तातली साखर एकदम उतरून घाम फुटलेल्या माणसाच्या शिरेत सोडायला ती असते. तेच पाणी मी गुडघ्याच्या आतल्या बाजूला, घोट्याला, कमरेखालच्या खळगीत टोचतो. त्यामुळे रोज एखादा तरी पेशंट सुईकडे बघत म्हणतो, "साहेब, मला तर शुगर हाय. अन् तुम्ही वरून साखरच टोचूलालाव?"

प्रश्न रास्त आहे. चार-पाच मिलीलिटर डेक्स्ट्रोज सांध्याभोवती गेल्यानं रक्तातली साखर फारशी हलत नाही. ती खरी चढते स्टेरॉइडच्या इंजेक्शनानं, आणि काही दिवस चढलेली राहते. ते इंजेक्शन मात्र हाच माणूस गावात बाजाराच्या दिवशी, पिशवी दाराशी टेकवून, बिनघोर घेऊन आलेला असतो. त्या औषधाचं नाव त्याला ठाऊक नसतं. ‘गुडघ्यातली सुई’ एवढंच. ती घेतली की दुसऱ्या दिवशी माणूस चालायला लागतो. माझी घेतली की दुसऱ्या दिवशी आणखी दुखतं. ओपीडीतलं माझं निम्मं बोलणं या एका फरकापायी खर्ची पडतं.

मी हाडांचा डॉक्टर. नांदेडला डॉक्टर लेनमध्ये क्लिनिक आहे आणि आठवड्यातला एक दिवस लातूरला एका मित्राच्या हॉस्पिटलात बसतो. लोहा, अहमदपूर, चाकूर असा रस्ता. फ्रॅक्चर, प्लास्टर, ऑपरेशन हे नेहमीचं काम चालूच असतं, पण रांग मोठी असते ती जुन्या दुखण्यांची. एक्स-रेत फारसं काही नाही, रक्ताचे रिपोर्ट साफ, आणि तरी माणूस कठडा धरल्याशिवाय जिना चढत नाही. ही मंडळी निदान सोबत घेऊनच येतात. गुडघ्यातलं वंगण संपलंय. मणक्यात गॅप आलाय. नस दबलीय. हे कुणी सांगितलं, असं विचारायच्या फंदात मी पडत नाही.

यातली सगळी नव्हे, पण बरीच दुखणी लिगामेंटची असतात. हाडाला हाड बांधून ठेवणारा हा चिवट पट्टा. त्याचा रक्तपुरवठा तोकडा, म्हणून एकदा ताणला की भरून यायला महिने लागतात, आणि नीट भरला नाही तर सैलच राहतो. अमेरिकेत ओहायो राज्यात जॉर्ज हॅकेट नावाचे सर्जन होते. त्यांनी १९५६ साली या विषयावर पुस्तक लिहिलं आणि आपल्या उपचाराला ‘प्रोलोथेरपी’ असं नाव दिलं. लिगामेंट जिथं हाडाला चिकटतं तिथं ते सैल पडतं, दुखतंही तिथंच. त्या जागी जरा चिडवणारं औषध टोचलं तर शरीर तिथं सूज आणतं, सुजेमागून दुरुस्तीच्या पेशी येतात आणि नवं कोलॅजन घालतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याही आधी, १९३०च्या दशकात, अर्ल गेडनी नावाच्या ऑस्टिओपॅथचा अंगठा म्हणे ऑपरेशन थिएटरच्या दारात चेंगरला आणि त्यांनी हर्नियावर टोचायचं औषध स्वतःच्याच हातावर वापरून बघितलं. हॅकेटच्या काळातली औषधं जरा जहाल होती. आता डेक्स्ट्रोजवर भागतं. स्वस्त, सगळीकडे मिळणारं, आणि चुकून इकडेतिकडे गेलं तरी शरीर पचवून टाकतं.

लातूरला औशाकडच्या एका आजींना हे सगळं मी सोप्या भाषेत समजावून सांगत होतो. दुखऱ्या जागेला मुद्दाम थोडं चिडवायचं, मग शरीरच ती जागा भरून काढतं. आजींनी लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं. वाटीच्या दोन्ही बाजूंना चवलीएवढे काळपट गोल डाग होते, जुने.

"म्हंजी बिब्ब्यावानीच की!"

मी गप्प झालो, कारण बाई चुकत नव्हत्या. मराठवाड्यात बिब्बा घरात नाही असं जुनं घर सापडणार नाही. सुई तापवून बिब्ब्यात खुपसायची, तेल सुटलं की दुखऱ्या जागेवर ठिपके द्यायचे. कातडी भाजते, फोड येतात, कधी बिब्बा उततो आणि अंगभर खाज सुटते. त्याच्याही पुढचा उपाय डागणीचा. इळा तापवून चटका. सुश्रुतानं अग्निकर्मावर लिहिलंय, आणि तिकडे ग्रीसमध्ये हिप्पोक्रॅटिसनं वरचेवर निखळणाऱ्या खांद्याला तापलेल्या लोखंडानं डागायला सांगितलंय. दुखण्यावर दुखणं घालायचं ही युक्ती काही हॅकेटला ओहायोत सुचलेली नाही. फरक आहे तो जागेचा. बिब्बा कातडी भाजतो, माझी सुई लिगामेंटच्या मुळाशी जाते. बिब्ब्यानं लिगामेंटला काही होतं असं मी म्हणणार नाही. बिब्बा उतून अंग सुजलेले पेशंट मी पाहिलेत आणि कुणी विचारलं तर आजही नको म्हणतो.

पण आजींचं बोलणं संपलं नव्हतं. "बिब्बा लावला की सासू आठ दिस रानात धाडत नव्हती. फोड दिसायचे ना. तुमच्या सुईची खूण कुटं दिसती? सून म्हणंल, दवाखान्यात जाऊन आली, आता काय झालं हिला."

प्रोलोथेरपीवरच्या कुठल्या पुस्तकात हे मी वाचलं नव्हतं. या उपचाराची खरी मात्रा बाटलीत नसतेच. ती सुईनंतरच्या आठवड्यांत असते. पहिले दोन-तीन दिवस जागा दुखते, जड होते. त्या सुजेवरच सगळी भिस्त, म्हणून ब्रुफेन, डायक्लोसारख्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, फार झालं तर पॅरासिटामॉल आणि गरम पाण्याचा शेक. मग हळूहळू व्यायाम. जड उचलायचं नाही, उकिडवं बसायचं नाही. चार आठवड्यांनी दुसरी सुई, पुढच्या चारांनी तिसरी. फरक पडलाच तर तो दोन-तीन महिन्यांनी कळतो. बिब्ब्याच्या फोडांनी निदान आठवड्याची सुट्टी तरी मिळायची. माझ्या सुईची खूण संध्याकाळपर्यंत पुसली जाते, आणि बाई चुलीपुढं उकिडवी बसलेली असते.

तेव्हापासून मी सुईनंतर पांढरंशुभ्र क्रेप बँडेज बांधतो. गुडघ्याच्या वर वीतभर आणि खाली वीतभर, चांगलं ठसठशीत. औषध म्हणून त्याचा उपयोग थोडाच. घरच्यांना दिसावं म्हणून ते. एका तरुण सहकाऱ्यानं याला नाटक म्हटलं होतं. त्याच्या पेशंटांत नोकरदार जास्त. त्यांना मेडिकल सर्टिफिकेट मिळतं. माझ्याकडच्या बाईचं सर्टिफिकेट हे बँडेजच.

सुई देणं हे त्या मानानं सोपं काम, पण ते हातात बसावं लागतं. गुडघ्याच्या आतल्या बाजूला, सांध्याच्या फटीपासून खाली चार बोटांपर्यंत अंगठ्यानं दाबत जायचं. पुष्कळ ठिकाणी काहीच होत नाही. मग एका जागी पेशंट दचकतो, पाय ओढून घेतो. डोळे मिटून पडलेला असला तरी त्याच जागी दचकतो. तिथं मार्करनं टिंब. असे ठिपके करत गेलं की गुडघ्यावर नकाशा तयार होतो, आणि बहुतेकदा तो एक्स-रेतल्या झिजेशी जुळत नाही. झीज वाटीखाली असते, दुखणं आतल्या बाजूच्या लिगामेंटला. मग सिस्टर बेटाडीन लावते, दोनदा, आणि वाळू देते. वाळू देणं महत्त्वाचं. सांध्यात पू होण्याची भीती क्वचितची असली तरी झालाच तर गुडघा जातो, तिथं घाई चालत नाही. बारीक सुई टिंबावर आत जाते आणि हाडाला टेकते. ते टेकणं बोटांना कळतं, कडक आणि जरा खरखरीत. टेकल्यावरच औषध सोडायचं, अर्धा-एक मिली, मग सुई किंचित मागे घेऊन पुढच्या जागी. हाड लागलं नाही तर औषध सोडायचं नाही, बाहेर यायचं, पुन्हा बघायचं. औषधात लिग्नोकेन मिसळलेलं असल्यानं मिनिटाभरात जागा बधिर होते आणि पेशंट टेबलावरून उतरून चालून बघतो. "गेलं की हो!" म्हणतो. तेव्हा त्याला सांगावं लागतं, की हे भुलीचं औषध आहे, रात्री परत येईल, आणि वाढून येईल.

नांदेडला हे मी सोनोग्राफीत बघून करतो, विशेषतः खांदा आणि घोटा. लातूरला अंगठ्यावरच भागवतो. लोक विचारतात, लहान मशीन मिळतं, लॅपटॉपएवढं, गाडीत टाकून का नेत नाही? कारण कायदा. गर्भलिंग निदान रोखण्यासाठीचा १९९४चा कायदा सोनोग्राफीचं मशीन गुडघा बघायला आहे की गर्भ, हा भेद करत नाही. मशीन नोंदवलेल्या जागीच राहायला हवं. एका जिल्ह्यातून दुसऱ्यात ते घेऊन हिंडणं म्हणजे सील आणि खटला. २०१२ साली परळीचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण गाजल्यापासून मराठवाड्यात तर अधिकारी डोळ्यांत तेल घालून असतात. माझी कुरकूर नाही. या भागात मुलींचं काय होत होतं ते इथं राहणाऱ्या डॉक्टरला सांगायला नको. लातूरच्या खांद्याला थोडा जास्त वेळ लागतो, इतकंच.

लातूरचे पेशंट वेगळेच. गंजगोलाईच्या आणि अडत बाजाराच्या आसपासचे हमाल येतात. एकेकाळी क्विंटलचं पोतं पाठीवर घेतलेली ही माणसं. मान आणि खांदा यांच्या मधला भाग दगडासारखा, आणि खांद्याच्या टोकावरचं लिगामेंट कधीच ढिलं झालेलं. ट्यूशन एरियातून नीटची तयारी करणारी पोरं मान अवघडून येतात. त्यांना मी सुई देत नाही, टेबलाची उंची विचारतो. आणि किल्लारीकडची माणसं. ३० सप्टेंबर १९९३ची भूकंपाची ती पहाट, गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपलेले. दगड-मातीच्या भिंतींखालून ज्यांना ओढून काढलं त्यांतले काही आता साठीत, सत्तरीत आहेत. हाडं तेव्हाच बसवली गेली. मुरगळलेला घोटा, पिरगळलेला गुडघा यांच्याकडे बघायला त्या दिवसांत कुणाला सवड असणार? एक गृहस्थ घोट्याचं दुखणं सांगताना सालं सांगत नाहीत. "भूकंपाच्या आधी व्हतं तसं नाही," एवढंच म्हणतात. इतक्या जुन्या घोट्यात डेक्स्ट्रोजनं काय साधणार असं मलाही वाटलं होतं. तिसऱ्या सुईनंतर ते ओल्या रानात पाय पूर्वीइतका वळत नाही म्हणाले. सुईमुळे की त्यांच्याकडून करून घेतलेल्या एका पायावर उभं राहायच्या व्यायामामुळे, ते मला सांगता येणार नाही. दोन्ही बरोबरच चालू होतं.

हे असंच आहे, आणि ते पेशंटपासून लपवण्यात अर्थ नाही. २००४ साली ऑस्ट्रेलियात जुनाट कंबरदुखीच्या ११० लोकांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. काहींना ग्लुकोज आणि लिग्नोकेन, काहींना नुसतं सलाइन. वर्षभरानं दोन्हींकडच्या लोकांचं दुखणं बरंच कमी झालं होतं, आणि दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हता. २०१३ साली अमेरिकेत गुडघ्याच्या झिजेवर ९० लोकांची चाचणी प्रसिद्ध झाली, तिच्यात मात्र डेक्स्ट्रोजवाले वर्षअखेर सलाइनवाल्यांच्या आणि नुसता व्यायाम करणाऱ्यांच्या पुढे होते. म्हणजे गुडघ्याला बरा पुरावा, कमरेला कच्चा. मी हे पेशंटला या शब्दांत सांगत नाही. सांगतो ते असं, की साध्या मिठाच्या पाण्यानंही काहींना बरं वाटतं, तुम्हाला कशानं वाटेल ते आज मला सांगता येत नाही, आणि नाहीच वाटलं तर तिसऱ्या सुईनंतर मी चौथी देणार नाही. काही उठून जातात. शहरी पेशंट जास्त उठून जातात. खेड्यातला माणूस म्हणतो, "पाऊस तरी कुटं गॅरंटी देतो?" आणि टेबलावर झोपतो.

मग पीआरपी. पेशंटचंच रक्त घ्यायचं, यंत्रात फिरवून त्यातल्या प्लेटलेट वेगळ्या काढायच्या आणि त्या टोचायच्या. साध्या रक्तात मायक्रोलिटरमागे दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात, त्या दहा लाखांच्या आसपास न्यायच्या. त्यांच्या पोटात दुरुस्तीला बोलावणारी प्रथिनं असतात. पहिल्यांदा हे एका मावशींना समजावलं तेव्हा त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माजंच रगत काढणार, मलाच टोचणार, अन् पैसे बी मीच द्यायचे?" त्यावर मला आजतागायत चांगलं उत्तर सुचलेलं नाही.

पैसे लागतात ते किटचे आणि यंत्राचे. डेक्स्ट्रोज शेकड्याच्या आत येतं, पीआरपीचा हिशेब हजारांत जातो. शिवाय नांदेडचा मे महिना. प्लेटलेट वीस ते चोवीस अंशांत सुखी असतात, बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस. रक्त काढायच्या आधी तासभर एसी चालू ठेवायचा, निळ्या टोपीच्या नळ्या त्याच खोलीत. सेंट्रिफ्यूजमध्ये नळीसमोर बरोबर तेवढ्याच वजनाची पाण्याची नळी ठेवायची. वजन चुकलं तर यंत्र थरथरत टेबलावरून चालू लागतं. फेरी सुरू असताना लाइट गेली तर इन्व्हर्टर सावरून घेतो, पण मधला झटका बसला की थर ढवळले जातात. खाली लाल, वर पिवळं, आणि मध्ये तो पातळसा पांढुरका थर. सगळा खेळ त्या थरासाठी. थर ढवळला की पुन्हा रक्त काढायचं, आणि पेशंटला परत दंड पुढे करायला सांगायचं म्हणजे धीर लागतो. आमचा टेक्निशियन म्हणून महावितरणचं वेळापत्रक माझ्यापेक्षा बारकाईनं वाचतो.

एवढं करून? २०२१ साली ऑस्ट्रेलियात २८८ लोकांच्या गुडघ्यांवर पीआरपी आणि सलाइन यांची तुलना करणारी चाचणी प्रसिद्ध झाली. वर्षभरानं दुखण्यात फरक नाही, कूर्चेच्या झिजेतही नाही. त्या चाचणीत पीआरपी कशी बनवली, किती दाट होती, यावर वाद घालणारे आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. टेनिस एल्बोसारख्या दुखण्यात मी अजून पीआरपी देतो. झिजलेल्या गुडघ्यात देणं जवळजवळ बंद केलंय. ज्याला पोराची फी भरायची आहे त्याच्याकडून हजारो रुपये घेऊन गुडघ्यात ‘नवी गादी’ भरून देतो म्हणणं माझ्याच्यानं होत नाही. तशी पाटी लावणारे आहेत. त्याहून वरचढ पाटी ‘स्टेम सेल’ची. पुण्यात नोकरी करणारी मुलं तिचे व्हिडिओ मला पाठवतात आणि विचारतात, "बाबांना हे करायचं का?" गुडघा पारच गेला असेल तर मी सरळ सांध्याच्या ऑपरेशनचं सांगतो. २०१७च्या ऑगस्टमध्ये सरकारनं गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीला लगाम घातला, नेहमीचा सांधा ५४,७२० रुपयांवर आला, तेव्हापासून हे सांगताना जीभ कमी अडखळते.

आणि स्टेरॉइड? ते मी वापरत नाही असं समजू नका. सुजून गरम झालेल्या सांध्याला ते उपयोगी पडतं. शिवाय लेकीचं लग्न पंधरा दिवसांवर आलेल्या बापाला प्रोलोथेरपीचं तत्त्वज्ञान ऐकवण्यात काय हशील? त्याला त्या दिवशी उभं राहायचंय. त्याला मी स्टेरॉइड देतो आणि लग्नानंतर या म्हणतो. वाईट आहे ते तीन-तीन महिन्यांनी घेत राहणं. २०१७ साली अमेरिकेतली एक चाचणी प्रसिद्ध झाली, तिच्यात दोन वर्षं दर तीन महिन्यांनी गुडघ्यात स्टेरॉइड देऊन पाहिलं होतं. सलाइनपेक्षा दुखणं कमी झालं नाही, कूर्चा मात्र जास्त झिजली. आमच्याकडे तर किती सुया झाल्या याचा हिशेबच नसतो. काहींच्या खिशात बिनलेबलाच्या पुड्या असतात, ‘देशी’ म्हणून घेतलेल्या. चेहरा गोल, दंड बारीक, कातडीवर निळसर डाग. पुडीत काय आहे ते चेहराच सांगतो. त्यांची पुडी एकदम बंदही करता येत नाही, हळूहळू उतरवावी लागते.

मुद्दा वेळेचा आहे. स्टेरॉइड वेळ वाचवतं, माझं औषध वेळ मागतं, आणि या भागात माणसाचा वेळ त्याच्या मालकीचा क्वचितच असतो. माझ्या अपॉइंटमेंटच्या वहीत आता तारखांबरोबर पिकं आहेत. मृगापासून खुरपणी संपेपर्यंत बायकांना नवी सुई सुरू करायची नाही. सोयाबीन निघून दिवाळी झाली की पुरुष मोकळे होतात, पण त्याच वेळी कापूस वेचणी लागते आणि वेचणी बायकांचीच. अर्धापूर, वसमतकडच्यांची हळद होळीपर्यंत हलू देत नाही. मग उरतो चैत्र-वैशाख, आणि त्यात लगीनसराई. चार-चार आठवड्यांच्या तीन सुया बसवायच्या म्हणजे पंचांग घेऊन बसावं लागतं. सिस्टरला हे माझ्याहून चांगलं जमतं. ती पेशंटला तारीख विचारत नाही, "कापूस कितवा वेचा चाललाय?" असं विचारते.

ज्यांना हेही जमत नाही ते ऊसतोडीचे. कंधार, मुखेडच्या बाजूनं जोडपी येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, दसरा-दिवाळीला कारखान्याकडे निघायचं. तिथं एक दिवस पडून राहिलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत चढतात. असाच एक जण घटस्थापनेच्या सुमाराला आला. कमरेखाली उजव्या खळगीत दुखणं, वाकलं की कळ पायापर्यंत. अंगठ्यानं दाबल्यावर टेबलाची कड धरून ओरडलाच. एमआरआय करून आणलेला, त्यात काही खास नव्हतं. प्रोलोथेरपीसाठी पेशंट म्हणून चांगला होता. फक्त त्याच्याकडे दिवस नव्हते. उचल घेऊन झाली होती आणि गाडी ठरली होती.

"ती लगीच गुण येणारी द्या, साहेब."

"ती दिली तर तू महिनाभर मोळ्या उचलशील, आणि त्यानंतर?"

"त्यानंतर बघू."

मी दोन्हीही सुया दिल्या नाहीत. आठवडाभरात फळीवरून मोळी घेऊन ट्रकवर चढणाऱ्या माणसाच्या लिगामेंटला सुईनं आणखी चिडवून धाडणं मला पटेना. कमरेचा पट्टा दिला, व्यायाम दाखवले, ओझं कसं उचलायचं ते बायकोलाही दाखवलं. गुढीपाडव्यानंतर या म्हटलं. मुकादमाशी बोलू का, असंही विचारलं. दोघंही हसले.

पाडव्यानंतर ते खरंच आले. त्याची कंबर पुष्कळ बरी होती. पट्टा लावून तो तोडायचं काम करत होता आणि मोळ्या वाहायचं तिनं घेतलं होतं, पूर्ण हंगाम. मध्ये कुठं सुई घेतली का हे मी विचारलं नाही. त्यानं बायकोला पुढं केलं. "माजं राहू द्या, आता हिचं बघा." तिचा उजवा गुडघा आतल्या बाजूनं दुखत होता, फळी उतरताना वळलेला. एक्स-रे चांगला होता. ठिपके केले, चार निघाले. पुढच्या उचलीपर्यंत तिच्याकडे वेळ होता, फक्त मधे मृगाची पेरणी होती आणि दुसऱ्याच्या रानात रोजंदारी. सिस्टरनं बोटं मोजून तीन तारखा बसवल्या. पहिली सुई त्याच दिवशी दिली.

मी बँडेज बांधायला घेतलं, तर ती म्हणाली, "दोनी पायाला बांधा, साहेब. एकालाच बांधलं तर घरी म्हणतील, दुसरा हाय की चांगला."

दोन्हींना बांधलं. बँडेजचा एक रोल जास्त लागला, तो बिलात लावला नाही.